तिसरा आलेला रोबो, पहिला आलेला संघ

शालेय रोबो-स्पर्धांच्या बातम्यांत बहुधा तीनच गोष्टी असतात: रोबोचे छायाचित्र, पारितोषिकाचे नाव आणि मार्गदर्शक शिक्षकांचे अभिनंदन. संघात कोणाला घेतले, कोणाला वगळले, डाख द्यायचे काम कोणाच्या हाती आले आणि फलक रंगवण्याचे कोणाच्या, हे त्या बातमीत येत नाही. वास्तविक शिक्षकाची खरी परीक्षा तेथेच असते. अटल टिंकरिंग प्रयोगशाळांची योजना २०१६ मध्ये आल्यापासून देशात अशा दहा हजारांवर प्रयोगशाळा शाळांना मिळाल्या आहेत. सहावी ते बारावीच्या मुलांसाठी मोटारी, संवेदक, नियंत्रक अशी सामग्री कपाटात येऊन पडते, मग एखाद्या स्पर्धेचे परिपत्रक येते आणि विज्ञानाच्या शिक्षकापुढे प्रश्न उभा राहतो: यंदा संघ कसा बांधायचा?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आम्ही दोन इंग्रजी पुस्तके आणि एक चित्रपट तपासायला घेतला. नील बॅसकॉम्ब यांचे ‘द न्यू कूल’ हे २०११ साली प्रसिद्ध झाले. जोशुआ डेव्हिस यांचे ‘स्पेअर पार्ट्‌स’ २०१४ साली आले आणि त्यावरून त्याच नावाचा चित्रपट २०१५ मध्ये निघाला. दोन्ही पुस्तके अमेरिकेतील सरकारी शाळांच्या संघांविषयी आहेत. दोन्ही वाचनीय आहेत. शिक्षकाच्या उपयोगाची मात्र ती सारखी नाहीत. तसे आम्हाला का वाटते, हे पुढे मांडत आहोत.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. अमेरिकेतील संशोधक-उद्योजक डीन केमन यांनी १९८९ मध्ये ‘फर्स्ट’ ही संस्था स्थापन केली. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एम.आय.टी., येथे अभियांत्रिकी रचना शिकवणारे प्राध्यापक वुडी फ्लॉवर्स हे त्यांचे सहकारी होते. पहिली स्पर्धा १९९२ मध्ये न्यू हॅम्पशायर राज्यातील मँचेस्टर येथे एका शाळेच्या व्यायामशाळेत झाली आणि तीत २८ संघ होते. स्पर्धेचा गाभा असा, की दर वर्षी खेळ नवा असतो आणि तो जानेवारीतील एका शनिवारी सर्व संघांना एकाच वेळी सांगितला जातो. त्यानंतर अनेक वर्षे रोबो बांधायला फक्त सहा आठवडे मिळत. मुदत संपली की त्याला हात लावायचा नाही.

‘द न्यू कूल’मध्ये २००९ सालच्या अशाच एका हंगामाची कथा आहे. कॅलिफोर्नियातील गोलेटा येथील डॉस पुएब्लोस हायस्कूल ही शाळा आणि तेथील भौतिकशास्त्राचे शिक्षक अमीर अबो-शाईर हे तिचे नायक. ते याच शाळेचे माजी विद्यार्थी. उद्योगातील अभियंत्याची नोकरी सोडून ते शिक्षक झाले, शाळेत अभियांत्रिकीचा स्वतंत्र अभ्यासक्रम उभा केला आणि २०१० मध्ये त्यांना मॅकआर्थर शिष्यवृत्ती मिळाली.

त्या वर्षीचा खेळ मोठा मजेदार होता. माणूस चंद्रावर उतरल्याला चाळीस वर्षे झाली म्हणून मैदानावर गुळगुळीत प्लॅस्टिकचे तक्ते अंथरले होते आणि चाकेही तशीच गुळगुळीत वापरायची सक्ती होती. प्रत्येक रोबोच्या मागे एक गाडा जोडलेला. प्रतिस्पर्ध्याच्या गाड्यात चेंडू टाकायचे आणि आपल्या गाड्यात पडू द्यायचे नाहीत.

नववी-दहावीच्या वर्गात हा खेळ घर्षणाच्या पाठाला घेण्यासारखा आहे. चाक आणि जमीन यांच्यातील घर्षणगुणांक ०.०५ धरला आणि रोबोचे सगळे वजन चालक चाकांवर आहे असे मानले, तर मिळणारे कमाल त्वरण म्हणजे ०.०५ गुणिले ९.८, साधारण ०.५ मीटर प्रति सेकंद वर्ग. रोबो ५० किलोचा असो वा ६० किलोचा, वस्तुमान समीकरणातून निघून जाते. दर सेकंदाला दोन मीटर एवढा वेग गाठायला चार सेकंद लागणार. मोटार दुप्पट शक्तीची बसवली तर चाक जागच्या जागी फिरेल, रोबो काही लवकर पळणार नाही. मागे गाडा आहे, त्याचे वजन चालक चाकांवर नाही, म्हणून त्वरण आणखीच घटणार. ‘जास्त ताकद म्हणजे जास्त वेग’ ही मुलांची ठाम समजूत येथे मोडते. नियम बनवणाऱ्यांनी एक जमीन बदलली आणि जुन्या संघांचा अनुभवही बराचसा निकामी ठरवला. नव्या संघाला याहून चांगला हंगाम कोणता मिळणार?

बॅसकॉम्ब यांनी रोबो-बांधणीतील वाद, रात्रीची जागरणे, मोडणे आणि पुन्हा जोडणे हे सारे चांगले टिपले आहे. एखाद्या कल्पनेवर आठवडाभर खर्च करून ती टाकून देणे किती कठीण जाते, हे त्यांच्याइतके स्पष्टपणे फार थोड्यांनी लिहिले असेल. तरीही पुस्तक मिटल्यावर शिक्षकाच्या मनात एक प्रश्न उरतो. या संघातील मुले शाळेच्या शेवटच्या वर्षाची असत आणि दर वर्षी संघ नवा असे. म्हणजे या मुलांसाठी तो पहिला हंगाम होता आणि शेवटचाही. मग सहा आठवड्यांत ती एवढी मजल कशी मारतात? उत्तर त्या सहा आठवड्यांत नाही. आधीच्या तीन वर्षांत रेखाटन, यंत्रकाम, भौतिकशास्त्र, विद्युतमंडले यांचा जो रोजचा अभ्यास झाला, त्यात ते आहे. या अभ्यासक्रमात मुली अधिक याव्यात म्हणून अबो-शाईर यांनी जाणीवपूर्वक प्रयत्न केले, तेही त्याच काळातले. पुस्तकात ही माहिती येते, पण नेपथ्यासारखी येते. लेखकाचा सगळा प्रकाश घड्याळावर आहे. त्यामुळे वाचणाऱ्या शिक्षकाचा असा समज होऊ शकतो, की चांगला संघ म्हणजे सहा आठवडे झोप न घेणारी मुले आणि त्यांच्यामागे धावणारा एक झपाटलेला शिक्षक. हा समज घातक आहे असे आम्हाला वाटते. जागरणाने रोबो पुरा होईल, पण त्यातून मुलांना पान्हा धरता येऊ लागत नाही.

घड्याळाच्या या आकर्षणाविषयी आणखी एक गोष्ट सांगायला हवी. सहा आठवड्यांची मुदत सर्वांना समान संधी देते, असे वरवर दिसते. प्रत्यक्षात ज्या संघांपाशी पैसा होता ते दोन रोबो बांधत. एक मुदतीत बंद करायचा आणि दुसऱ्यावर पुढेही सराव व सुधारणा चालू ठेवायची. मुदत खऱ्या अर्थाने बांधून ठेवी ती एकच रोबो परवडणाऱ्या शाळेला. संस्थेने २०२०च्या हंगामापासून हे बंधन काढून टाकले. कागदावर समान असलेला नियम व्यवहारात कोणाला जाचतो, हे नागरिकशास्त्राच्या तासालाही सांगण्याजोगे उदाहरण आहे. बॅसकॉम्ब यांचे पुस्तक त्या निर्णयाच्या पुष्कळ आधीचे, तेव्हा त्यात तो नाही हा दोष म्हणता येणार नाही. परंतु आज वाचणाऱ्याने मुदतीचे ते नाट्य या माहितीसह वाचावे.

आता ‘स्पेअर पार्ट्‌स’कडे वळू. ॲरिझोना राज्यातील फिनिक्स शहराच्या पश्चिम भागात कार्ल हेडन ही शाळा आहे. वस्ती गरीब, मुले बहुतांशी मेक्सिकोतून आलेल्या कुटुंबांतील. तेथील ॲलन कॅमेरून आणि फ्रेडी लाजवर्दी या दोन शिक्षकांनी चार मुलांचा संघ घेऊन २००४ साली पाण्याखाली चालणाऱ्या रोबोंच्या राष्ट्रीय स्पर्धेत भाग घेतला. ही स्पर्धा ‘फर्स्ट’ची नव्हे, ‘मेट’ या सागरी तंत्रज्ञान-शिक्षण केंद्राची. स्पर्धेत दोन गट होते आणि वरच्या गटात महाविद्यालये व विद्यापीठे उतरत. शिक्षकांनी शाळेचा संघ मुद्दाम वरच्या गटात घातला. हिशेब सरळ होता: शाळांकडून हरलो तर मुलांना लागेल, एम.आय.टी.कडून हरण्यात लाज कसली?

मुलांचा खर्च सुमारे ८०० डॉलर, एम.आय.टी.च्या संघाचा ११ हजारांवर. रोबो पी.व्ही.सी.च्या पाइपांचा, आणि पाइप जोडायच्या सोल्युशनचा वास एवढा उग्र की त्याचे नावच ‘स्टिंकी’, म्हणजे घाण वास मारणारा, असे पडले. तापमान मोजायची अडचण आली तेव्हा मुलांनी तापमापक उपकरणे बनवणाऱ्या कंपनीतील तज्ज्ञाला सरळ दूरध्वनी करून सल्ला विचारला. ऐन स्पर्धेच्या वेळी विद्युतमंडलाच्या पेटीत पाणी झिरपू लागले. वेळ इतका थोडा, की गळती शोधून बंद करणे शक्य नव्हते. तेव्हा आलेले पाणी शोषून घ्यावे असे ठरले आणि मासिक पाळीत स्त्रिया वापरतात ते शोषक बोळे पेटीत बसवण्यात आले. ते आणायला एका मुलाला दुकानात पाठवले आणि त्याला एका अनोळखी बाईंना विचारून ते निवडावे लागले. हा प्रसंग विनोदी म्हणून फार सांगितला जातो. आम्हाला त्यात उत्तम अभियांत्रिकी दिसते. दोष दूर करता येत नसेल, तर त्याचा परिणाम आटोक्यात ठेवायचा.

शेवटी हा संघ पहिला आला आणि एम.आय.टी. दुसरे. गोष्ट सांगणारे बहुतेक जण येथे थांबतात. डेव्हिस यांच्या पुस्तकाची खरी किंमत कळते ती गुणपत्रिका पाहिल्यावर. पाण्यातील प्रत्यक्ष कामगिरीत हा रोबो पहिला नव्हता. तो तिसरा होता. संघ पहिला आला तो तोंडी परीक्षेत आणि लेखी अहवालात मिळालेल्या गुणांमुळे. तांत्रिक लेखनाचे पारितोषिकही त्यांनाच मिळाले, आणि इंग्रजी ही तर त्यांच्या घरची भाषा नव्हे.

तोंडी परीक्षेत काय विचारले गेले? एक प्रश्न लेझर अंतरमापकाचा होता. हे उपकरण प्रकाश जाऊन परत यायला लागलेल्या वेळावरून अंतर काढते आणि प्रकाश हवेत चालला आहे असे गृहीत धरते. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, म्हणजे पाण्यात प्रकाश तेवढ्या पटीने सावकाश जातो. प्रत्यक्ष अंतर तीन मीटर असेल तर उपकरण सुमारे चार मीटर दाखवील, तेव्हा आलेल्या आकड्याला १.३३ ने भागले पाहिजे. मुलांना हे ठाऊक होते. दुसरा प्रश्न मोटारीचा वेग कमीजास्त कसा करता, असा होता. विद्युतदाब कमी न करता प्रवाह अतिशय जलद चालू-बंद करायचा आणि चालू राहण्याचा अवधी लहानमोठा करायचा, ही ती पद्धत. अर्धा वेळ चालू, अर्धा वेळ बंद ठेवला, तर मोटारीला सरासरी निम्माच दाब मिळतो. या प्रश्नाचे उत्तर दिले ते संघातील ‘हुशार’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मुलाने नव्हे. गाड्या दुरुस्त करताना पाहून यंत्रांची गोडी लागलेल्या, शाळेने फारशा अपेक्षा न ठेवलेल्या मुलाने दिले.

या एका गोष्टीसाठी हे पुस्तक प्रत्येक मार्गदर्शक शिक्षकाने वाचावे. कामे वाटलेली होती, ज्ञान वाटलेले नव्हते. ताकदवान मुलगा रोबो उचलण्याचे आणि त्याची केबल सांभाळण्याचे काम करी, लष्करी छात्रदलात तयार झालेला मुलगा नेतृत्व करी, पण रोबोतील प्रत्येक भाग काय करतो हे चौघांनाही सांगता आले पाहिजे अशी तयारी करून घेतली होती. आपल्याकडे बहुधा उलटे घडते. प्रोग्रॅम एकालाच येतो, तो आजारी पडला की संघ बसला. मुली असतील तर त्यांच्याकडे अहवाल, फलक आणि सूत्रसंचालन जाते आणि स्क्रू ड्रायव्हर मुलांच्या हाती राहतो. पारितोषिक सर्वांना मिळते, शिक्षण मात्र दोघा-तिघांनाच.

पुण्यात २००८ साली आशिया-पॅसिफिक विभागातील अभियांत्रिकी विद्यार्थ्यांची रोबो-स्पर्धा झाली, तिचा विषयच गोविंदा आणि दहीहंडी हा होता. दहीहंडीची उपमा आम्हाला येथे चपखल वाटते. नाव होते हंडी फोडणाऱ्या पोराचे, भार असतो खालच्या थरावर. परंतु जाणते गोविंदा पथक आणखी एक गोष्ट करते. आज वर चढणारा पोरगा पुढे वाढून जड होणार, म्हणून ते दर वर्षी नव्या लहान मुलांना वर चढायला आणि मोठ्यांना खाली उभे राहायला शिकवते. शाळेच्या रोबो-संघाचा नवा हंगाम म्हणजे नेमके हेच काम. दहावीची मुले जाणार हे जूनमध्येच माहीत असते. त्यांच्याबरोबर त्यांचे ज्ञान निघून जाऊ द्यायचे की सातवीच्या मुलांच्या हाती सोपवायचे, हे स्पर्धेच्या महिन्यात ठरत नाही. ते पावसाळ्यात ठरते, जेव्हा कोणतीच स्पर्धा जवळ नसते.

चित्रपटाविषयी मात्र आमचे मत प्रतिकूल आहे. जॉर्ज लोपेझ यांनी त्यात शिक्षकाची भूमिका केली आहे आणि त्या पात्राचे नाव फ्रेडी कॅमेरून असे आहे. दोन खऱ्या शिक्षकांची नावे जोडून एकच शिक्षक तयार केला गेला. प्रत्यक्षात दोघेही त्या शाळेत अनेक वर्षे शिकवत होते, चित्रपटातला शिक्षक मात्र बदली म्हणून नव्याने येतो आणि बघता बघता चमत्कार घडवतो. पटकथेची सोय म्हणून असे बदल होतात, हे आम्हाला मान्य आहे. पण या सोयीत गोष्टीचा कणाच मोडला. दोन शिक्षक होते म्हणून एकाचे कौशल्य दुसऱ्याला पूरक ठरले, एक थकला तर दुसरा होता, आणि मुलांना मोठी माणसे एकमेकांशी मतभेद कसे मिटवतात हेही पाहता आले. मुख्याध्यापकांनी हा चित्रपट पाहिला तर ते एका उत्साही शिक्षकाच्या गळ्यात सगळे काम घालून मोकळे होतील. पुस्तक वाचले तर निदान दुसरा शिक्षक देण्याचा विचार करतील. विज्ञान शिक्षकाबरोबर हस्तकलेचे, गणिताचे किंवा भाषेचे शिक्षक का नसावेत? ज्या स्पर्धेत अहवालाला गुण असतात तेथे भाषेच्या शिक्षकाचे काम पाहुण्याचे नसते.

‘स्पेअर पार्ट्‌स’लाही मर्यादा आहेत. चार मुलांवर प्रकाश टाकताना बाकीचे धूसर होतात. शाळेचा हा कार्यक्रम त्या चौघांआधी होता आणि नंतरही चालू राहिला, पण त्यांच्यानंतर आलेल्या मुला-मुलींचे काय झाले, हे जाणून घ्यायची आमची इच्छा पुरी होत नाही. तरीही हे पुस्तक एका बाबतीत ‘द न्यू कूल’च्या पुढे जाते. ते टाळ्यांवर थांबत नाही.

ही चारही मुले लहानपणी मेक्सिकोतून आलेली, अमेरिकेत राहण्याची कायदेशीर कागदपत्रे नसलेली होती. २००६ साली ॲरिझोनाच्या मतदारांनी अशा विद्यार्थ्यांना राज्यातील रहिवाशांची सवलतीची फी नाकारणारा प्रस्ताव मंजूर केला. अपवर्तनांक सांगू शकणाऱ्या मुलाला फी न परवडल्याने विद्यापीठ सोडावे लागले. दोघे खानपानाच्या व्यवसायात गेले. संघनायक २००९ मध्ये यंत्र अभियांत्रिकीचा पदवीधर झाला, कायदेशीर मार्गाने परत यावे म्हणून स्वतःहून मेक्सिकोत गेला, तेथे त्याच्यावर दहा वर्षांची बंदी आली, ती प्रयत्नांनी उठली आणि परतल्यावर तो अमेरिकेच्या सैन्यात भरती झाला. एम.आय.टी.ला मागे टाकणाऱ्या चौघांचे पुढे असे झाले.

यावरून स्पर्धा व्यर्थ असतात असा निष्कर्ष आम्ही काढत नाही. स्पर्धेने त्या मुलांना आपल्याला काय येते ते दाखवले, एवढे ती करू शकते. पुढची दारे उघडणे तिच्या हाती नाही. आपल्याकडेही जिल्हा पातळीवर चषक जिंकणाऱ्या मुलाचे अकरावीचे शिक्षण फीपायी, शेतीच्या हंगामापायी किंवा मुलगी आहे म्हणून अडू शकते. शिक्षकाने संघ बांधताना चषकाइतकाच या पुढच्या वर्षाचा विचार केला पाहिजे. शिष्यवृत्तीचा अर्ज भरून घेणे, पालकांना प्रयोगशाळेत बोलावून मुलीच्या हातचे काम दाखवणे, हाही हंगामाचाच भाग आहे.

तेव्हा वाचायचे झाल्यास आधी ‘स्पेअर पार्ट्‌स’ वाचावे. रचना, घर्षण आणि बांधणीतील वादविवाद यांसाठी नंतर ‘द न्यू कूल’. चित्रपट मुलांना दाखवायला हरकत नाही, मात्र दाखवल्यावर दोन शिक्षकांची खरी हकीकत त्यांना जरूर सांगावी. आणि नवा हंगाम सुरू करताना पहिल्या बैठकीत एक साधी कसोटी लावून पाहावी. गेल्या वर्षीचा रोबो टेबलावर ठेवावा, संघातील सर्वांत नव्या मुलाला किंवा मुलीला बोलवावे आणि त्यातील कोणत्याही एका भागाचे काम विचारावे. उत्तर आले नाही तर त्या मुलाला बोल लावू नये. ज्या जुन्या मुलाला उत्तर येते, त्याला तेथेच उभे करून शिकवायला सांगावे. यंदाच्या संघाचे काम तेथूनच सुरू होते.